चावी, पगार आणि एक पाद्री

सकाळी रूमची चावी खिशात टाकून तुम्ही बाहेर पडता. टपरीवर वडापाव खाता. मित्राचा पहिला पगार झाला की पार्टी उकळता. चावी, पाव, पगार आणि त्या वड्यातला बटाटा, हे चारही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. कोर्टातला लिलाव, दाराची बिजागरी, बांधकामावरचं घमेलं, एवढंच काय, तुरुंगसुद्धा त्यांचाच!

पोर्तुगीजमध्ये संशोधन करायचंय असं घरी सांगून बघा. त्याचा उपयोग काय, हाच पहिला प्रश्न येईल. हा प्रश्न सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनाही विचारता आला असता. त्यांचं तर सगळं छान चाललं होतं.

१८५५ साली बार्देशातल्या आसगावात त्यांचा जन्म झाला. राशोलच्या सेमिनरीत शिकून ते १८८१ मध्ये पाद्री झाले. मग रोमला जाऊन चर्चचा कायदा आणि रोमन कायदा यांत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. म्हणजे डॉक्टरेट होती, पण भाषेतली नव्हे. भाषांच्या अभ्यासासाठी त्यांना ना गाइड होता, ना फेलोशिप. चर्चच्या कामासाठी सिलोन, बंगाल, होन्नावर अशी भटकंती झाली आणि जिथं गेले तिथली भाषा ते शिकत गेले. सिलोनमधून पोर्तुगीजांची सत्ता १६५८ सालीच गेली होती, तरी तिथले काही लोक अजून पोर्तुगीजची मोडकी-बदललेली बोली बोलत होते. इतरांना ती बिघडलेली भाषा वाटायची. दालगादोंनी मात्र १९०० साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे गोवा, दमण आणि ‘नॉर्ते’, म्हणजे आपल्या वसई-मुंबई-चौल पट्ट्यातल्या तशाच बोलींवरही लिहिलं. आज रेवदंड्याजवळच्या कोर्लईत गेलात तर अशी एक बोली कानावर पडेल. पाहायला कुणी जातं का, हा वेगळा विषय.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं होतं, की गोव्यातल्या लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. त्यानंतर दोन शतकांनी, १८९३ साली, त्याच राज्यातल्या या कॅथलिक पाद्र्यानं कोंकणी-पोर्तुगीज कोश छापला. कोंकणी शब्द देवनागरीत, सोबत त्यांची व्युत्पत्ती. आणि छापला कुठं, तर मुंबईत, ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यात. शिकल्यासवरलेल्या घरांत कोंकणी ही नोकरचाकरांशी बोलायची भाषा समजली जायची, त्या काळात हे धाडसच होतं.

१८९५ मध्ये ते लिस्बनला गेले. ‘हितोपदेश’ पोर्तुगीजमध्ये आणला, १९०७ पासून तिथं संस्कृत शिकवू लागले. आता जरा निवांत बसावं, अशी ही वेळ. पण तब्येतीनं दगा दिला. आजारपणात आधी एक पाय कापावा लागला, मग दुसराही. जगभर फिरलेला माणूस चाकाच्या खुर्चीत आला.

त्यांचं मोठं काम याच सुमाराचं आहे. १९१३ साली कोइंब्राहून पुस्तक निघालं: आशियातल्या भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा प्रभाव. एकेक पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि तो मराठीत, कोंकणीत, गुजरातीत, तमिळमध्ये, मलायमध्ये, थेट जपानीपर्यंत कुठल्या रूपात पोचला ते दाखवायचं. जवळपास पन्नास भाषा! इंटरनेट नाही, झेरॉक्स नाही. नुसता उच्चार जुळला म्हणून शब्द आपला म्हणायचा, असला व्हॉट्सॲपी प्रकार त्यात नाही. शंका असेल तिथं ते शंका नोंदवतात.

मग त्यांनी उलट दिशेनं शोध सुरू केला. आशियातले कोणते शब्द पोर्तुगीजमध्ये गेले? आंब्याला पोर्तुगीज ‘मांगा’ म्हणतात, फणसाला ‘जाका’. दोन्ही शब्द केरळच्या किनाऱ्यावरून उचललेले. अशा शब्दांचा कोश करायचा तर जुन्या बखरकारांची आणि प्रवाशांची पुस्तकं पानन्‌पान चाळून, कोणता शब्द कुणी वापरला हे टिपत बसावं लागतं. दालगादोंनी ते खुर्चीत बसून केलं. ‘ग्लोसारियो लुझो-आझियातिको’चा पहिला खंड १९१९ मध्ये आला, दुसरा १९२१ मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी, ४ एप्रिल १९२२ रोजी, ते लिस्बनमध्ये गेले. कोंकणी म्हणींचा त्यांचा संग्रहही त्याच वर्षीचा.

१९१३ च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये निघालं. त्यामुळे पोर्तुगीज येत नसेल तरी अडत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा. जुन्या कपाटात प्रत सापडली, तर आधी ‘गामेला’ हा शब्द काढा. आपलं घमेलं तिथं भेटेल.