वाल्देमार हाफकिन : प्लेगच्या मुंबईतला परका

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेला गिरणी कामगार बोचके उचलून गावी निघाला. रोगाइतकीच दहशत सरकारी इस्पितळाची होती. तिथे नेलेला माणूस परतत नाही, ही समजूत चाळीचाळींतून पसरली होती. ऑक्टोबरात कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. त्याच महिन्यात वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले.

ते स्वतःही स्थलांतरितच. जन्म १८६०चा, ओडेसा येथील ज्यू कुटुंबातला. धर्म सोडला असता तर रशियात विद्यापीठीय पद मिळाले असते. तो त्यांनी सोडला नाही. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही प्रथम ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून. कॉलऱ्याची लस तयार करून जुलै १८९२मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत त्यांनी ती हजारोंना टोचली. मळ्यांतील मजूर दूरच्या मुलखांतून कंत्राटाने आणलेले. बराकींत दाटीने राहणाऱ्या या माणसांना कॉलरा झपाट्याने गाठत असे. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र तीच जागा सोयीची होती, कारण तिथे हजेरीपट होता. काहींना टोचायचे, काहींना नाही आणि दोन्ही गटांची नोंद ठेवायची, ही हाफकिन यांची पद्धत. तिनेच त्यांच्या कामाला शास्त्रीय वजन दिले. कंत्राटात बांधलेल्या मजुराच्या संमतीला कितपत अर्थ होता, हा प्रश्न मात्र उरतोच.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, तो उतरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली आणि त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आढळले.

सरकारचा मार्ग वेगळा होता. फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्याने घरझडत्या, रेल्वेतील तपासण्या आणि सक्तीचे विलगीकरण आले. त्याची किंमत पुण्यात रँडच्या वधापर्यंत गेली. हाफकिन यांचा भर स्वेच्छेवर होता. आगाखानांनी लोकांदेखत टोचून घेतले, तेव्हा खोजा समाज हजारोंनी पुढे आला. एका हुकमापेक्षा त्या एका दंडाने अधिक काम केले. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली.

ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतून टोचले होते. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. चौकशी आयोगाने मात्र बोट ठेवले ते परळवर. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले आणि ते युरोपात परतले. साहेबी वैद्यकीय सेवेत रशियन ज्यू हा शेवटपर्यंत परकाच होता, हे त्या वेळी उघडे पडले.

रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे कलंक धुतला गेला. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची सूत्रे पुन्हा हाती आली नाहीत. १९१५च्या सुमारास ते निवृत्त झाले. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात होते आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.