चष्म्याच्या दुकानातला संग्राहक

लंडनच्या क्यू उद्यानात 2005 साली झाडांमध्ये काचेची अवाढव्य शिल्पे मांडली होती. मला मात्र पुण्यातल्या केळकर संग्रहालयातली काचचित्रे अधिक धरून ठेवतात. ही काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात. दागिने आणि डोळे आधी, पार्श्वभूमी शेवटी. सारे उलट्या क्रमाने.

ती जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) घरच्या चष्म्याच्या दुकानात बसत आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पाटीवरचा ‘राजा’ वाचून पुष्कळांना कुणी संस्थानिक वाटतो. तो त्यांचा मुलगा. सातव्या वर्षी गेला.

पत्नी कमलाबाईंच्या साथीने केळकर गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये. सिद्धगडाच्या पायथ्याला, आमच्या मुरबाडकडे, असल्या वस्तू माळ्यावर धूळ खात पडत किंवा मोडीत जात. त्यांनी वीस हजारांवर जमवल्या. कोथरूडचा मस्तानी महालही आणून संग्रहालयात उभा केला.

बँकेत माझे आयुष्य तारणाची किंमत लावण्यात गेले. म्हणून असेल, पण 1975 साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला, याचेच मला जास्त अप्रूप वाटते.