पीतज्वराची लस देणारे मॅक्स थायलर

आपल्या खडेबाजारातून किंवा निपाणीकडून कुणी नोकरी-व्यापारासाठी केनिया, नायजेरिया वा काँगोला निघाले, की पासपोर्टबरोबर एक पिवळे कार्डही जपावे लागते. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा तो दाखला. तो नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवून काही दिवस वेगळे ठेवतात. पूर्वी ही लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागे. २०१६ पासून एकदा घेतलेली जन्मभर ग्राह्य धरली जाते. ज्यांच्यामुळे ही लस मिळाली, त्या मॅक्स थायलर यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात मोठे आहे. त्यांच्या कामाचा धागा पुण्यापर्यंत आणि पुढे आपल्या शेजारच्या जंगलांपर्यंत येतो, म्हणून ही ओळख.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात झाला. वडील आर्नल्ड मूळचे स्वित्झर्लंडचे, गुरांचे डॉक्टर. यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला होता, तरी बुळकांडीसारख्या रोगांवर त्यांनी जगभर नाव कमावले. मुलाने मात्र माणसांचे वैद्यक निवडले. केपटाउनमध्ये घेतलेले शिक्षण लंडन विद्यापीठाने धरले नाही, त्यामुळे १९२२ मध्ये ते परवानाधारक डॉक्टर झाले, एम.डी. ही पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पुढचे सारे आयुष्य अमेरिकेतच गेले. १९२८ मध्ये लिलियन ग्रॅहम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी पीतज्वर म्हणजे काविळीने पिवळे करून आठवड्याभरात माणूस नेणारा रोग. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा पट्ट्यापट्ट्यांचा एडिस डासच तो शहरांतून पसरवतो. हिदेयो नोगुची या नामवंत जपानी शास्त्रज्ञांनी रोगाचे कारण म्हणून एक जंतू दाखवला होता. तो भलत्याच रोगाचा आहे, हे थायलर आणि त्यांचे वरिष्ठ सेलार्ड्स यांनी दाखवून दिले. १९२७ मध्ये आजच्या घानातील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून खरा विषाणू हाती आला, तो ऱ्हीसस जातीच्या, म्हणजे आपल्या हिंदुस्थानी माकडांमुळे. आफ्रिकेतली माकडे त्या विषाणूने सहसा मरत नसत, ही मेली. असिबी मात्र वाचला. शोध लावणारे एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले, पुढच्या वर्षी नोगुचीही त्यानेच गेले. १९२९ मध्ये थायलर यांनाही प्रयोगशाळेत हा ताप आला. तो सौम्य निघाला आणि ते कायमचे सुरक्षित झाले.

हे सुरक्षित होणे म्हणजे नेमके काय, ते समजले की थायलर यांचे काम समजते. विषाणू एकटा काही करू शकत नाही. त्याला आपल्या पेशीत शिरावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या अंगावरचे ठरावीक भाग पेशीला चिकटावे लागतात. एकदा रोग होऊन गेला की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती नेमक्या त्या भागांना आधीच जाऊन चिकटतात, आणि विषाणूला आत शिरायला जागाच उरत नाही.

पण कुणाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत हे बाहेरून कसे कळावे? तोवर त्यासाठी महागडी माकडे लागत. थायलर यांनी १९३० मध्ये दाखवले, की साध्या पांढऱ्या उंदराच्या मेंदूत हा विषाणू टोचला तर उंदीर मरतो. मग चाचणी सोपी झाली. माणसाच्या रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, विषाणूत मिसळायचे आणि ते मिश्रण उंदराला द्यायचे. उंदीर जगला तर त्या माणसाला पूर्वी कधीतरी पीतज्वर होऊन गेलेला आहे. माझ्या मते लसीइतकाच हा शोध मोठा आहे. देशोदेशीच्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून रोग कुठवर पोहोचला आहे याचा नकाशा काढता आला. शहरी डास औषधालाही नाही, अशा ब्राझीलच्या अंतर्भागातल्या लोकांच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडली. रोग रानातल्या माकडांत मुरलेला होता. शहरातली पिंपे आणि हौद उपसून तो संपणार नव्हता. लसच हवी होती.

१९३० मध्येच थायलर न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. उंदरात वाढवलेला विषाणू यकृताला निरुपद्रवी झाला होता, पण मेंदूला घातक. म्हणून तो टोचताना सोबत रोगमुक्त माणसांचे सीरमही द्यावे लागे. लाखो लोकांसाठी एवढे सीरम आणायचे कुठून? तेव्हा त्यांनी असिबीचाच विषाणू आधी उंदराच्या आणि मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवला. शेवटी मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकलेल्या गर्भाच्या पेशी वापरल्या, आणि एका पेशीसंचातून दुसऱ्यात असा शेकडो वेळा तो फिरवला. ८९व्या आणि ११४व्या फेरीच्या दरम्यान कधीतरी त्याची नांगी झडली. तसे का झाले, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नव्हते. विंचू मात्र दिसायला तोच राहिला, म्हणून शरीराने त्याच्याविरुद्ध घडवलेली प्रतिपिंडे खऱ्या विषाणूलाही अडवत. हीच ती १७-डी लस. ह्यू स्मिथ यांच्यासह १९३७ मध्ये त्यांनी ती जाहीर केली आणि ब्राझीलमध्ये ती मोठ्या प्रमाणावर टोचली जाऊ लागली.

पुढे तिला एक काळा डागही लागला. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी सीरम घालत. १९४२ मध्ये त्या सीरमातून हजारो अमेरिकी सैनिकांना कावीळ झाली. तेव्हापासून लसीतले सीरम बंद केले गेले.

१९५१ चे वैद्यकाचे नोबेल एकट्या थायलर यांना मिळाले. आफ्रिकेत जन्मलेले ते पहिले नोबेल विजेते. बक्षिसाच्या पैशाचे काय करणार, या प्रश्नावर त्यांनी स्कॉच घेऊन बेसबॉलचे सामने बघण्याचा बेत सांगितला होता म्हणे.

त्याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने डास-गोचिडांनी पसरणाऱ्या विषाणूंसाठी जगभर केंद्रे उभारायला घेतली. त्यांतले एक १९५२ मध्ये पुण्यात सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. थायलर प्रमुख असलेली न्यूयॉर्कची प्रयोगशाळा या केंद्रांची जणू मूळ पेढी होती. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारतातील गावोगावच्या लोकांचे सीरम उंदरांवर तपासून १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. डेंग्यू, वेस्ट नाईल आणि चक्क झिका यांना अडवणारी प्रतिपिंडे त्यात आढळली. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१ मध्ये, पुरंदरच्या बेलसरला.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात आला की काय अशी भीती पसरली. पुण्याच्या केंद्राने विषाणू शोधून दाखवला. तो पीतज्वराच्या कुळातला पण वेगळा, गोचिडांतून पसरणारा निघाला. दोडामार्ग आणि सत्तरीतल्या लोकांना २०१५-१६ पासून हाच माकडताप म्हणून ठाऊक आहे.

एडिस डास घरोघरी असताना पीतज्वर आशियात का आला नाही, याचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. १९६४ मध्ये रॉकफेलरमधून निवृत्त होऊन येल विद्यापीठात गेल्यावर थायलर या प्रश्नाकडे वळले. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. अँडरसन यांच्यासह केलेला त्यांचा अभ्यास १९७५ मध्ये छापून आला. ज्या माकडांना आधी डेंग्यू होऊन गेला होता, ती पीतज्वराला बऱ्यापैकी तोंड देत होती.