चिखलावरून उडून बर्फावर उतरणारा बॉब रीव्ह

मांडवीच्या काठी ओहोटीच्या वेळी उभे राहिलेल्या गोंयकाराला ओला चिखल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पाय घोट्यापर्यंत रुततो, चप्पल आतच राहते. पण सपाट बुडाची होडी त्याच चिखलावरून ढकलली की घसरत जाते. हे साधे निरीक्षण ज्याने विमानाला लावले, त्या अलास्कातल्या वैमानिकाची हकीकत यंदा आम्ही अंकासाठी निवडली आहे.

रॉबर्ट रीव्हचा जन्म १९०२ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉनाकी गावी झाला. शाळेत मन रमेना म्हणून पंधराव्या वर्षी तो घरातून पळाला आणि फौजेत भरती झाला. पुढे तो चीनपर्यंत भटकला, परत येऊन विद्यापीठात गेला, तेही अर्धवट राहिले. मग तो विमानाकडे वळला. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या कडेने टपाल नेण्याची नोकरी त्याने केली आणि उंच जागी, पातळ हवेत विमान कसे वागते याचे शिक्षण तिथेच घेतले. शेवटी त्याच्या हातून एक महागडे विमान मोडले, नोकरी सुटली आणि १९३२ साली तो अलास्कातल्या वाल्डीझ बंदरात उतरला. खिसा जवळजवळ रिकामा आणि पोलिओने एक पाय दुबळा झालेला. तिथे ओवेन मील्स या गृहस्थाचे मोडके विमान पडून होते. रीव्हने ते दुरुस्त केले, भाड्याने घेतले आणि धंदा सुरू केला.

धंद्यासाठी वेळ अनुकूल होती. जगभर मंदी असली तरी १९३४ साली अमेरिकन सरकारने सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला आणि वाल्डीझच्या डोंगरांतल्या बंद पडलेल्या खाणी पुन्हा परवडू लागल्या. अडचण वाहतुकीची होती. खाणी हिमनद्यांच्या वर, कड्यांच्या कुशीत. सामान वर चढवता चढवता माणसे थकून जात. विमानाने मात्र तो प्रवास काही मिनिटांचा.

पण उतरायचे कशावर? मऊ, खोल बर्फात साधे चाक रुतते. रुतले की शेपूट वर उचलली जाते आणि विमान नाकावर पालथे होते. आज अलास्कात छोट्या विमानांना ३१ आणि ३५ इंचांचे फुगीर टायर लावतात. त्यांत हवा अगदी कमी असते, म्हणून नदीकाठचे गोटे, दलदल, वाऱ्याने घट्ट दाबलेला किंवा पातळ बर्फ त्यांना चालतो. मांडीइतक्या भुसभुशीत बर्फात मात्र मोठा टायरही अखेर चाकच. तिथे स्की हवी, कारण ती विमानाचा भार लांबरुंद पट्टीवर पसरवते. स्कीचीही दुखणी आहेतच. तिला ब्रेक नाही. घर्षणाने तळाखालचा बर्फ किंचित वितळतो आणि विमान उभे राहिले की पुन्हा गोठून स्कीला धरून ठेवतो. म्हणून थांबताना वैमानिक खाली फांद्या किंवा वासे सरकवतात. आणि स्की लावलेले विमान कोरड्या जमिनीवरून उडवता येत नाही.

रीव्हचे घोडे नेमके इथेच अडले. उन्हाळ्यात खाणींचे काम जोरात चाले आणि वर हिमनदीवर बर्फही असे, पण खाली वाल्डीझचा बर्फ वितळून गेलेला. चाके लावावीत तर वर उतरता येत नाही, स्की लावाव्यात तर खालून उडता येत नाही. पुढे चाके आणि स्की दोन्ही बसवलेली विमाने निघाली, पण त्या काळी रीव्हच्या हाती तसले काही नव्हते. त्याची नजर गेली ती गावासमोर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाकडे. लाकडी स्कीला चिखल चिकटे, म्हणून त्याने एका ओस पडलेल्या गुत्त्याच्या टेबलावरचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा काढला आणि स्कीच्या तळाला ठोकला. गुळगुळीत पोलादावर चिखल धरेना. मग भरती-ओहोटीच्या वेळा पाहून तो चिखलावरून उडे, हिमनदीवर उतरे आणि पुन्हा ओहोटी गाठून चिखलावर परते. वेळ चुकली तर धावपट्टी पाण्याखाली! गुत्त्याचा इतका सत्कार्यी उपयोग आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

वर उतरणे हेही एक शास्त्रच होते. ढगाळ उजेडात पांढऱ्या बर्फाला खोली उरत नाही. जमीन दहा फुटांवर आहे की शंभर, ते डोळ्यांना कळत नाही. रीव्ह आधी वरून गडद रंगाच्या वस्तू टाकी आणि त्यांच्यावरून उंचीचा अंदाज घेई. उतरायचे चढावर, थांबण्याआधी विमान आडवे वळवायचे आणि परतताना उतारावरून उडायचे. आपल्या शेडवर त्याने पाटी लावली होती, तीत स्वतःच्याच सेवेला संथ, बेभरवशाची आणि लबाड ठरवले होते. गिऱ्हाइकांना खरे काय ते माहीत होते. याच वाल्डीझमध्ये त्याचा संसार थाटला. विस्कॉन्सिनचीच जॅनिस, जिला सारे टिली म्हणत, त्याची पत्नी झाली.

१९३७ साली ब्रॅडफर्ड वॉशबर्न या गिर्यारोहकाने त्याला पत्र लिहिले. लुकानिया हे कॅनडातले १७ हजार फुटांवरचे शिखर तेव्हा अजिंक्य होते. त्याच्या पायथ्याच्या वॉल्श हिमनदीवर, साडेआठ हजार फुटांहून अधिक उंचीवर, माणसे आणि सामान उतरवशील का, असा प्रश्न होता. रीव्हने बेधडक होकार कळवला. मे महिन्यात घट्ट बर्फावर सामान व्यवस्थित पोचले. १८ जूनला वॉशबर्न आणि बॉब बेट्स यांना घेऊन तो पुन्हा गेला आणि विमान टेकताच रुतले. अवेळी उष्मा आणि पाऊस, बर्फाचा नुसता रबडा झालेला. अशा रबड्यात स्कीचेही काही चालत नाही.

तिघे दिवसचे दिवस अडकून पडले. विमान खणून काढावे, उडण्याचा प्रयत्न करावा, पुन्हा रुतावे. एकदा स्की बर्फाच्या भेगेत गेली. शेवटी थोडी थंडी पडली तेव्हा रीव्हने विमानातले हत्यार, अडीअडचणीचे सामान, जे जे काढता येईल ते सगळे बाहेर टाकले. हातोडीने ठोकून पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला आणि एकटाच निघाला. विमान धडपडत, उसळ्या खात उतारावरून गेले, भेगांच्या दिशेने खाली बुडाले आणि दोघांच्या नजरेआड झाले. काही क्षणांनी ते हवेत दिसले.

उरलेले दोन साथीदार, नॉर्मन ब्राइट आणि रसेल डाउ, वाल्डीझमध्ये वाट पाहत होते. त्यांना आणायला रीव्ह पुन्हा त्या हिमनदीवर गेला नाही. उतरण्याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, आम्हांला हा नकार अधिक मोलाचा वाटतो. होकार देताना त्याचा स्वतःचा जीव पणाला होता. इथे आणखी दोन जीव होते, आणि त्या बर्फाची चव त्याने घेतलेली होती. वॉशबर्न आणि बेट्स दोघांनीच ९ जुलैला लुकानिया सर केले. न्यायला विमान येणार नव्हते, म्हणून तंबूचा तळसुद्धा कापून ओझे हलके केले आणि शंभराहून अधिक मैल पायी तुडवून ते बर्वॉश लँडिंग या वस्तीला पोचले.

महायुद्धात रीव्हने फौजेसाठी अल्यूशन बेटांवर माणसे आणि सामान वाहिले. धुके आणि वादळ यांचे ते माहेरघर. युद्धानंतर तिथेच त्याने रीव्ह अल्यूशन एअरवेज ही कंपनी उभारली. तो १९८० साली अँकरेजला वारला. कंपनी २००० सालापर्यंत चालली.

जिथे तो ओहोटीची वाट पाहत बसे ते जुने वाल्डीझ आता नाही. १९६४ च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, किनाऱ्याचा भाग समुद्रात घसरला आणि सरकारने सारे गाव चार मैलांवर खडकाळ जमिनीवर हलवले.