नापास झाल्यावर रामानुजन कुठे गेला?

दर वर्षी २२ डिसेंबरला आपल्या शाळांतून गणित दिन साजरा होतो. फळ्यावर १७२९ हा आकडा रंगीत खडूनं लिहिला जातो, कुणीतरी पाठ केलेलं भाषण म्हणतं, टॅक्सीच्या नंबरची गोष्ट येते, टाळ्या होतात. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच करून घेतलं. पण एकदा भाषण संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं की रामानुजन नापास झाला होता म्हणतात, ते खरं का? आणि मग घरी काय झालं? पहिल्या प्रश्नाला मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याला मात्र अडखळलो. विचारणारा मुलगा सहामाहीत तीन विषयांत गेलेला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तेव्हा शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. रामानुजनला मी इथं 'तो' म्हणणार आहे. आदर कमी नाही, पण सतरा वर्षांच्या पोराला 'ते' म्हटलं की तो लगेच भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसतो.

श्रीनिवास रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७चा, तमिळनाडूतल्या इरोडला, आजोळी. घर कुंभकोणमला, सारंगपाणी देवळासमोरच्या गल्लीत. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, पगार महिन्याला वीसेक रुपये. आई कोमलताम्माळ देवळात भजनं म्हणायची आणि घर चालवायचीही तीच. त्याच्या पाठची तीन भावंडं तान्हेपणीच गेली, त्यामुळे आईचा सगळा जीव या एकात. प्राथमिक परीक्षेत तो तंजावर जिल्ह्यात पहिला आला. पुढं टाउन हायस्कूलमध्ये गणितात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९०४ मध्ये शाळेनं त्याला गणिताचं पारितोषिक दिलं, तेव्हा मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी सभेत सांगितलं की या मुलाला पैकीच्या पैकी गुणसुद्धा कमीच पडतील.

पण हा हुशार मुलगा मनानं किती हळवा होता बघा. अंकगणिताच्या एका परीक्षेत त्याला ४५ पैकी ४२ मिळाले आणि त्याच्या मित्राला ४३. एका गुणाचा फरक! तो त्या मित्राशी बोलेना, रडत घरी गेला. थोडा मोठा झाल्यावर त्यानं त्रिकोणमितीतली काही सूत्रं स्वतःच्या डोक्यानं शोधली आणि नंतर कळलं की ती जगाला आधीपासून माहीत आहेत. आपण असतो तर त्याची पाठ थोपटली असती. त्यानं लाजेनं ते कागद घराच्या छपरात लपवून ठेवले. अपयश आलं की लपवायचं किंवा लपायचं, ही सवय तेव्हापासूनची.

सोळाव्या वर्षी त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचं एक पुस्तक लागलं. परीक्षेच्या तयारीसाठी केलेला, पाचेक हजार सूत्रांचा नुसता संग्रह, सिद्धता जवळजवळ नाहीतच. गंमत अशी की परीक्षेसाठी लिहिलेल्या याच पुस्तकामुळे त्याचं परीक्षेवरचं लक्ष कायमचं उडालं. शिष्यवृत्ती मिळवून तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला खरा, पण इंग्रजी, संस्कृत, शरीरशास्त्र, ग्रीस-रोमचा इतिहास असे सगळे विषय एफ.ए.ला होते आणि सगळ्यांत पास व्हावं लागायचं. तो इतिहासाच्या तासाला वहीत गणितं करत बसायचा. इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली.

सत्राची फी ३२ रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. आई प्राचार्यांना जाऊन भेटली, विनवणी केली. नियम नियमाच्या जागी राहिला. त्या प्राचार्यांना खलनायक करण्यात अर्थ नाही, आपणही रोज असेच नियम पाळतो. काही महिने रामानुजननं तसंच रेटलं. मग १९०५च्या ऑगस्टमध्ये, वय वर्षं सतरा, तो घरात कुणालाही न सांगता आगगाडीत बसला आणि शेकडो मैलांवरच्या विशाखापट्टणमला निघून गेला. घरच्यांनी शोधाशोध केली, वर्तमानपत्रात मुलगा हरवल्याची जाहिरात दिली. महिन्याभरात तो परत आला.

पुढच्या वर्षी मद्रासला पचैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. तिथल्या गणिताच्या शिक्षकांना त्याचं कौतुक होतं. तीन तासांचा पेपर तो अर्ध्या तासात संपवायचा म्हणतात. पण शरीरशास्त्र काही केल्या डोक्यात शिरेना. पचनसंस्थेचं प्रकरण आपल्याला पचलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं उत्तरपत्रिकेत लिहून दिलं होतं, अशी आठवण सांगतात. आपण हसतो. त्यात आजारपण आलं, महिनेच्या महिने बुडाले. १९०६ला नापास, १९०७ला बाहेरून बसला तर पुन्हा नापास.

आणि इथं आपली नेहमीची गोष्ट एकदम उडी मारते. नापास झाला पण पुढं केवढा मोठा झाला, मार्कांचं काय घेऊन बसलात! मुलांना ही उडी खोटी वाटते, आणि ती खोटीच आहे. मधली पाच वर्षं कुणी सांगत नाही. पदवी नाही, नोकरी नाही, शिकवण्या लावल्या तर पोराला अभ्यासक्रम सोडून भलतंच शिकवायचा, म्हणून त्याही सुटायच्या. कागद महाग म्हणून पाटीवर गणितं करायचा, फडका शोधायला वेळ नको म्हणून कोपरानं पुसायचा, कोपर काळं व्हायचं. घराच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला हा जाडसर पोरगा शेजाऱ्यांना नुसता रिकामटेकडा दिसत असणार. १९०९ मध्ये आईनं त्याचं लग्न लावलं. जानकी तेव्हा दहा वर्षांची होती.

१९१० मध्ये तो मद्रासला इतका आजारी पडला की राधाकृष्ण अय्यर नावाच्या जुन्या वर्गमित्राकडे जाऊन टेकला. मित्रानं घरी ठेवून घेतलं, डॉक्टर आणला, आणि गाडीत बसवून कुंभकोणमला पाठवलं. निघताना रामानुजननं आपल्या वह्या त्याच्या हाती दिल्या. आपलं काही बरंवाईट झालं तर त्या आपल्या शिक्षकांना द्या, असं सांगून. विशीतल्या मुलानं निरवानिरव करावी तशी.

तो वाचला, आणि त्यानंतर वह्या काखेत मारून लोकांकडे जाऊ लागला. इथून माणसं भेटत गेली. डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर हे भारतीय गणित संस्थेचे संस्थापक. (या संस्थेचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं.) नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना आधी शंका आली, मग खात्री पटली, आणि ते महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून देऊ लागले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसायचे. त्यांनी रामानुजनला एक गोष्ट परत परत सांगितली म्हणतात: तुला जी पायरी दिसते ती मला दिसत नाही, तेव्हा दोन ओळींच्या मधल्या दहा ओळी लिहीत जा. शिक्षकानं आपल्याला कळत नाही हे कबूल करून विद्यार्थ्याला शिकवल्याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

जानेवारी १९१३चं हार्डींना लिहिलेलं पत्र आपल्याला माहीत आहेच. त्या पत्राच्या सुरुवातीलाच त्यानं आपलं विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही हे सांगून टाकलं होतं. यावेळी लपवलं नाही. १७ मार्च १९१४ला तो बोटीनं इंग्लंडला निघाला. त्याआधी शेंडी कापावी लागली, तेव्हा तो रडला.

केंब्रिजमध्ये पुन्हा विद्यार्थी झाला, सव्वीसाव्या वर्षी. गणिताच्या बाबतीत हार्डी आणि लिटलवुड यांनी फार जपून वागवलं. त्याला ज्या गोष्टी येत नव्हत्या त्या शिकवायच्या, पण त्याचा आत्मविश्वास मोडायचा नाही, ही कसरत हार्डींनी जाणीवपूर्वक केली. १९१६ मध्ये संशोधनावर पदवी मिळाली. ज्याला एफ.ए. जमलं नाही तो केंब्रिजचा बी.ए. झाला.

पण खोलीचं दार लागल्यावर काय? तो कट्टर शाकाहारी. कॉलेजच्या जेवणघरात सगळ्यांबरोबर बसता येईना, म्हणून खोलीतच छोट्या शेगडीवर रस्सम-भात रांधायचा, कधी दिवसाआड, कधी भलत्या वेळी. युद्ध सुरू झालं आणि भाजीपालाही दुर्मिळ झाला. लिटलवुड युद्धाच्या कामावर गेले. थंडीत एकदा तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस त्याच्या खोलीवर आले. रात्री फार थंडी वाजते, ओव्हरकोट घालून शाल पांघरून झोपतो, असं रामानुजन म्हणाला. महालनोबिसांनी पलंग बघितला. ब्लँकेटं गादीखाली नीट खोचलेली होती, आणि त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं हे याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ब्लँकेट उचलून दाखवलं. हार्डींसारखे लोक आजूबाजूला, आणि ही एवढी गोष्ट सांगायला कुणी नाही! वसतिगृहात मूल ठेवलेल्या पालकांनी हा प्रसंग वाचून जरा थांबावं.

एकदा त्यानं एका भारतीय मित्राला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला जेवायला बोलावलं. रस्सम दोनदा घेतल्यावर पाहुण्या बाईंनी तिसऱ्यांदा नको म्हटलं. थोड्या वेळानं बघतात तर यजमान गायब. चार दिवसांनी ऑक्सफर्डहून तार आली, पैसे पाठवा म्हणून. आपलं रांधलेलं आवडलं नाही असं वाटून तो निघून गेला होता. विशाखापट्टणमची गाडी ती हीच.

घरची पत्रं सुरुवातीला महिन्याला तीन-चार जायची. मग कमी होत गेली, १९१७ला जवळजवळ थांबली. सासू-सुनेचं पटत नव्हतं, आणि जानकीची पत्रं आई त्याच्यापर्यंत पोचू देत नव्हती. त्याचीही तिच्यापर्यंत पोचत नव्हती. बायको आपल्याला लिहीत का नाही, हे तो एकटाच मनात घोळवत राहिला. त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. हार्डी त्याला बहुतेक रोज भेटत होते, पण दोघांच्यात बोलणं व्हायचं ते गणिताचं. त्याचं घराशी काही बिनसलंय हे हार्डींना फार उशिरा कळलं. त्याच १९१७ मध्ये तो गंभीर आजारी पडला, एका सॅनिटोरियममधून दुसऱ्यात जात राहिला. क्षय म्हणून उपचार चालले. ट्रिनिटी कॉलेजनं फेलोशिप नाकारली, तोही एक घाव. १९१८च्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वे स्टेशनात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. एका कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानानं गाडी वेळेत थांबली. पोलिसांनी पकडलं, कारण तो तेव्हा गुन्हा होता. हार्डी धावत गेले आणि आपलं सगळं वजन वापरून त्याला सोडवून आणलं.

त्याच वर्षी मे महिन्यात तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचाही. मुलांच्या भाषणात येतात ती हीच दोन वाक्यं. त्यांच्या आधीचं वाक्य आपण गाळतो. नववी-दहावीच्या वर्गात ते कसं सांगायचं, हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. पण मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी विशाखापट्टणमपर्यंतची गोष्ट सगळी सांगितली, आणि मग गणित बाजूला ठेवून त्याच्या घरी काय म्हणाले ते विचारलं. तो बराच वेळ बोलत होता.

मार्च १९१९ मध्ये रामानुजनची बोट मुंबई बंदराला लागली. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. उतरल्यावर त्यानं विचारलं ते जानकीबद्दल. ती तेव्हा माहेरी होती. तिला निरोप गेला आणि शेवटचं वर्ष ती त्याच्याजवळ राहिली. औषधपाणी, पथ्य, रात्रंदिवस शेक देणं तिनं केलं, आणि तो पडल्यापडल्या गणितं लिहीत होता. तू इंग्लंडला बरोबर असतीस तर मी आजारी पडलोच नसतो, असं तो म्हणायचा, असं जानकीबाईंनी पुढं सांगितलंय. २६ एप्रिल १९२० रोजी, बत्तिसाव्या वर्षी, मद्रासला तो गेला.

जानकीबाई नंतर काही वर्षं मुंबईत भावाकडे होत्या, तिथं शिवणकाम शिकल्या. मग मद्रासला परतून तिरुवल्लिकेणीत शिवणयंत्रावर स्वतःचा संसार चालवला. १९५० मध्ये त्यांची एक मैत्रीण वारली. तिच्या मागं राहिलेल्या मुलाला त्यांनी घरी आणलं, वाढवलं, कॉलेजात घातलं.