डासाच्या मागे लागलेला हवानाचा डॉक्टर

14 ऑगस्ट 1881 रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीत डॉ. कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डासामुळे पसरतो, असे मांडले. लहानपणच्या आजारामुळे ते अडखळत बोलत. सभेने ऐकून घेतले आणि सोडून दिले. पुढची वीस वर्षे त्यांची टिंगलच झाली.

1833 मध्ये क्यूबात जन्मलेले फिनले फिलाडेल्फियात डॉक्टर झाले. हवानात पीतज्वराने मरत ते मुख्यतः जहाजाने नव्याने आलेले लोक. स्थानिकांना तो बहुधा लहानपणीच होऊन गेलेला असे. घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढणारा, दिवसा चावणारा नेमका डास फिनले यांनी ओळखला. मात्र त्यांचे प्रयोग पटणारे नव्हते. रुग्णाला चावलेला डास ते फार लवकर दुसऱ्याला चावू देत. विषाणू डासाच्या लाळेपर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी पथकाने फिनले यांच्याकडूनच डासांची अंडी घेतली आणि पुरावा मिळवला. त्यात पथकातले डॉ. जेसी लॅझीअर पीतज्वराने गेले. पुढच्याच वर्षी पाण्याची भांडी झाकून, डबकी बुजवून हवाना या रोगातून मोकळे झाले. फिनले क्यूबाचे मुख्य आरोग्य अधिकारी झाले, 1915 मध्ये वारले. अनेकदा नाव सुचवूनही नोबेल मिळाले नाही, हा अन्यायच.

तो डास म्हणजे एडिस इजिप्ती. पीतज्वर भारतात नाही, पण हा डास घरोघरी आहे. त्यामुळे आफ्रिकेतल्या बाधित देशांत जाणाऱ्यांना लस घ्यावी लागते. ती जिवंत विषाणूची असल्याने गर्भवतीला सहसा देत नाहीत. टाळता येत असेल तर असा प्रवासच पुढे ढकलतात.

हाच डास झिका पसरवतो. महाराष्ट्रात पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला. 2024 मध्ये पुण्यातल्या रुग्णांत गर्भवती बऱ्याच होत्या. बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत, तरी पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. मुंबई-पुण्याहून पाटणला माहेरी बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीने ताप, पुरळ किंवा डोळे लाल झाले, तर आधी कुठे राहत होतो हे डॉक्टरांना सांगावे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. म्हणून साथीच्या गावाहून आलेल्या नवऱ्याने तीन महिने निरोध वापरावा, आणि बायको गर्भवती असेल तर बाळंतपण होईपर्यंत.