पर्ल बक यांची लेक आणि पीकेयू : वेळेत न कळलेला आजार

अमेरिकन लेखिका पर्ल बक यांचे नाव अनेक मराठी वाचकांनी ऐकलेले असते. 'द गुड अर्थ' ही त्यांची गाजलेली कादंबरी. देव आनंद यांच्या 'गाइड' चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीची पटकथा लिहिण्यातही त्यांचा वाटा होता. पण त्यांच्या लेकीला फिनाइलकीटोनुरिया, म्हणजेच पीकेयू, हा आजार होता हे फार थोड्यांना माहीत असते.

पर्ल यांचा जन्म १८९२ चा. वडील मिशनरी असल्याने त्या चीनमध्ये वाढल्या. १९१७ मध्ये शेतीतज्ज्ञ जॉन लॉसिंग बक यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १९२० मध्ये कॅरल जन्मली. बाळ दिसायला छान, सुदृढ होते. पण अंगावर इसब उठायचा आणि तीन वर्षांची झाली तरी ती बोलेना. आईने अमेरिकेपर्यंत डॉक्टर गाठले. मेंदूची वाढ खुंटली आहे एवढेच समजले, कारण कोणालाच सांगता आले नाही.

१९२९ मध्ये पर्ल यांनी काळजावर दगड ठेवून कॅरलला न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत ठेवले. तिच्या जन्मभराच्या सांभाळासाठी पैसा हवा होता. पर्ल यांनी नेटाने लिहायला घेतले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. १९३१ मध्ये 'द गुड अर्थ' आली, १९३८ मध्ये नोबेल मिळाले. मात्र लेकीबद्दल त्यांनी उघडपणे लिहिले ते १९५० मध्ये. असे मूल लपवून ठेवण्याच्या त्या काळात हे मोठे धाडस होते.

कॅरलच्या मेंदूत नेमके काय घडले असेल? प्रथिनांमध्ये फिनाइलअ‍ॅलानिन नावाचा घटक असतो. यकृतातील एक एन्झाइम त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करते. पीकेयूमध्ये हे एन्झाइम नीट काम करत नाही. मग फिनाइलअ‍ॅलानिन रक्तात साठते, मेंदूत शिरते आणि इतर गरजेच्या घटकांची वाट अडवते. डोपामिन, सेरोटोनिन कमी पडतात, मज्जातंतूंवरचे आवरण नीट तयार होत नाही. जन्मताना बाळ ठणठणीत असते. दूध सुरू झाल्यावर नुकसान सुरू होते, तेही काही न दिसता.

नॉर्वेचे डॉ. अ‍ॅसबयॉर्न फॉलिंग यांनी हा आजार १९३४ मध्ये शोधला, तेव्हा कॅरल चौदा वर्षांची होती. आहाराने उपचार होऊ शकतो हे १९५३ मध्ये डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, तेव्हा ती तेहतीसची. बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावर करायची डॉ. रॉबर्ट गथ्री यांची चाचणी १९६० च्या दशकात रूढ झाली. त्याच दशकात कॅरलचे निदान झाले, पण तोवर मेंदूचे झालेले नुकसान भरून येणारे नव्हते. पर्ल १९७३ मध्ये गेल्या, कॅरल १९९२ मध्ये.

आज चित्र वेगळे आहे. पहिल्या काही आठवड्यांत निदान होऊन आहार सुरू झाला, तर मूल इतरांसारखे शिकू शकते. विशेष दूध-पावडर, डॉक्टरांनी ठरवून दिलेले मोजके आईचे दूध, पुढे डाळी, दूध, पनीर, अंडी, मासे-मटण टाळणे आणि भात-पोळीही मोजून, असा हा आहार असतो. नियमित रक्त तपासावे लागते आणि पथ्य आयुष्यभर पाळावे लागते. अ‍ॅस्पार्टेम असलेले शुगर-फ्री पदार्थही चालत नाहीत. पीकेयू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीच डॉक्टरांना भेटावे, नाहीतर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

आपल्याकडे हा आजार विरळ आहे आणि प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी आपोआप होतेच असे नाही. म्हणून नवी मुंबईत असा वा गावी, बाळंतपणाआधीच नवजात तपासणीबद्दल विचारा. बाळाचे दूध सुरू झाल्यावर साधारण २४ ते ७२ तासांत नमुना घेतात. घरी जाण्यापूर्वी रिपोर्ट कधी व कुठे मिळेल हे लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट. हा आजार आईच्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणाने होत नाही. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के शक्यता असते. त्यामुळे घरात सुनेला बोल लावू नका. बाळाची तपासणी वेळेवर करून घ्या.